सापडलेलं कासव दोन दिवसांत तुमचं होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कासवाचा लेख वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही म्हणून आज लिहायला बसलेय. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्या बाईंना प्राण्यांची मनापासून माया आहे हे कळतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण खाली जी चौकट दिलीय, "कासव सापडलं तर काय कराल" अशी, ती छापायच्या आधी एखाद्या प्राण्यांच्या डॉक्टरला तरी दाखवली होती का? ठळक अक्षरात दोनच गोष्टी. एक, जवळच्या तळ्यात सोडा. दोन, सोडायचं नसेल तर दोन दिवस वाट बघा, कोणी विचारत आलं नाही तर ते तुमचंच. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि पहिलीने तर जीव जाईल.

तळ्याचं आधी. सगळी कासवं पाण्यातली नसतात हो. ज्याची पाठ घुमटासारखी उंच आणि पाय हत्तीच्या पायासारखे जाड, बोटांमध्ये पडदा नाही, ते जमिनीवरचं कासव. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात टाकलं की ते बुडून मरतं. आणि माणसं हे चांगल्या मनाने करतात, हेच वाईट आहे. आमच्याकडे पार्किंगच्या भिंतीलगत असंच एक कासव सापडलं होतं, साधारण मोठ्या ताटाएवढं, तर मी खाली पोचेपर्यंत कोणीतरी त्याला बादलीभर पाण्यात ठेवलं होतं, "बिचारं उन्हात सुकलंय" म्हणून. ते मान वर काढून काढून श्वास घेत होतं, पुढचे पाय बादलीच्या कडेवर घासत होतं. मी काढलं बाहेर, तर वर मलाच ऐकवलं की पाण्याचा जीव आहे मॅडम, मरेल. तेव्हा त्यांचा राग आला होता, पण आता वाटतं त्यांनीही कुठेतरी अशीच चौकट वाचली असेल.

तहानलेल्या कासवाला पाणी द्यायचं असतं, पण पसरट टबात, कोमट, हनुवटीच्या खाली राहील एवढंच, आणि आपण समोर बसून. एवढं एक वाक्य चौकटीत बसलं नसतं का?

बरं, ते कासव रानातलं नव्हतं हे बघताक्षणी कळत होतं. माणसाला घाबरून डोकं आत घेण्याऐवजी ते आमच्या पायांकडे चालत येत होतं, खायला मागायला. आणि कवचाच्या मागच्या कडेला ड्रिलने पाडलेलं भोक, दोरी बांधायला. ज्यांना वाटतं कवच म्हणजे नख आहे, काही दुखत नसेल, त्यांना सांगते की कवच हाडाचं असतं, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यालाच जोडलेल्या असतात, त्यात रक्त आहे, नसा आहेत. दुखतं. कवचावर ऑइलपेंटने नाव लिहिणारेही बघितलेत मी, पण भोक म्हणजे अगदीच झालं.

त्या भोकामुळे आमच्या ग्रुपवर जी चर्चा सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत संपेना. निम्मे लोक म्हणाले ज्याने भोक पाडलं त्याला परत कशाला द्यायचं, नालायक माणूस, ठेवून घ्या. निम्मे म्हणाले सोडून द्या कुठेतरी झाडीत. शेजारची मुलगी तोपर्यंत त्याच्याशी बोलायलाच लागली होती, नावही ठेवून मोकळी. आणि खरं सांगते, ठेवून घ्यावं असं मलाही फार वाटलं. डोळे इतके शांत असतात त्यांचे, मान लांब करून आपल्याकडे बघतं तेव्हा आपल्याला ओळखतंय असंच वाटतं.

पण मी त्याला डॉक्टरकडे नेलं, सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा डॉक्टर शोधून, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला कासव कळतंच असं नाही. त्यांनी पहिलं काम केलं ते स्कॅनर फिरवून मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली घातलेली ओळख पटवायची बारीक चिप, आहे का बघायचं. कासवांना ती सहसा डाव्या मागच्या पायात घालतात. युरोपात तर काही जातींना कागद आणि चिप दोन्ही असल्याशिवाय विकताच येत नाही. याला नव्हती. मग सांगितलं की हे सुलकाटा आहे, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, अजून लहान आहे. लहान! अंड्यातून निघतं तेव्हा तळहातात मावतं, चार-पाच सेंटीमीटर, आणि मोठा नर चाळीस-पन्नास किलोचा होतो, कधी त्याहूनही जास्त. बेटांवरची अवाढव्य कासवं सोडली तर जमिनीवरच्या कासवांत याच्याएवढं मोठं कोणी नाही. सत्तर वर्षंही जगू शकतं. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन हे दुसऱ्या जातीचं कासव, पण त्याचा जन्म अंदाजे १८३२ चा धरतात, यावरून कासव पाळणं म्हणजे किती लांबचा हिशोब आहे ते बघा. आपल्यानंतर कोण बघणार हे आधी ठरवायला लागतं.

आणि नुसतं वय आणि वजन नाही. त्याला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात, त्याशिवाय शरीरात डी३ व्हिटॅमिन बनत नाही, डी३ नाही तर कॅल्शियम हाडात जात नाही, मग कवच मऊ पडतं, पाय वाकडे होतात. काचेतून आलेलं ऊन चालत नाही कारण साध्या काचेतून ते किरण फारसे येतच नाहीत. सुलकाटाचं खाणं मुख्यतः गवत, हिरवं आणि वाळलेलं, आणि तुमच्या लेखात काकडी-टोमॅटो कौतुकाने सांगितलंय, त्याने पोट भरतं पण निभत नाही. शिवाय हे कासव जमीन खणतं, आत खोल बीळ करून राहतं, फ्लॅटमध्ये टाइल्सवर ते नखं घासत कोपऱ्याकोपऱ्यात फिरत राहतं. आमच्या घरात फिरलंच की, बाल्कनीच्या दारावर डोकं लावून ढकलत बसायचं तासन्‌तास. ते बघितल्यावर मी ठरवलं की ठेवायचं नाही, मालक मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी. मालक नाही मिळाला तर जिथे मातीचं अंगण आहे आणि ज्याला या जातीचा अनुभव आहे अशा कोणाकडे, रीतसर, कागदपत्रं विचारून. शेजारची मुलगी रडली. मलाही वाईट वाटलं, पण आवडणं आणि सांभाळता येणं यात फरक आहे ना.

झाडीत सोडा म्हणणाऱ्यांनाही सांगायचं होतं. पाळीव कासव रानात सोडलं की एकतर ते मरतं, परक्या हवेत, किंवा आपल्याबरोबर आजार घेऊन जातं. अमेरिकेत मोजावे वाळवंटातली कासवं १९९० साली धोक्यात आलेली म्हणून सरकारी यादीत गेली, त्यांना मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे नाक गळायचा आजार झाला होता, आणि पाळीव कासवं बाहेर सोडल्याने असे रोग पसरतात म्हणून तिथे ती रानात सोडायला बंदी आहे. याच कारणाने घरात आधीच कासव असेल तर सापडलेलं त्याच्यात मिसळू नये, वेगळं ठेवावं.

आता दोन दिवसांचं, ज्याच्यामुळे खरं म्हणजे हे पत्र लिहितेय.

मी फोटो टाकला, आजूबाजूच्या ग्रुपांवर, डॉक्टरांच्या दवाखान्यात कागद लावला. फोटो मुद्दाम फक्त वरून काढलेला टाकला. पोटाकडची बाजू दाखवली नाही, भोकही दिसू दिलं नाही. पोटाकडच्या प्लेटवर प्रत्येक कासवाची रेघांची आणि डागांची ठेवण वेगळी असते, ओळख पटवायला तीच कामाला येते. झालंही तसंच. एक गृहस्थ आले, आमचंच आहे म्हणाले, लगेच द्या म्हणाले, आणि खूण विचारली तर चिडले, "कासवाला काय खूण असते" म्हणून निघून गेले, पुन्हा फिरकले नाहीत. त्यांना ते कशासाठी हवं होतं देव जाणे.

दोन दिवस गेले. आठवडा गेला. कोणी नाही. तुमच्या चौकटीप्रमाणे ते तोवर माझं झालेलं होतं.

आणि मग बऱ्याच दिवसांनी एक आजोबा आले, मागच्या बाजूच्या बैठ्या घरातले, हातात जुन्या फोटोंचं पाकीट. त्यांना कासव हरवलंय हेच उशिरा कळलं होतं. कारण ते बिळात जाऊन बसायचं, कधी कधी दिवसचे दिवस वर यायचं नाही, त्यामुळे दिसत नाही म्हणजे आत असेल असं ते धरून चालले होते. मग खायला ठेवलेलं गवत तसंच वाळत राहिलं तेव्हा बीळ उकरून बघितलं, तर रिकामं, आणि कुंपणाच्या तारेखालून पलीकडे निघालेला खड्डा. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की मागे उजवीकडे भोक आहे, आणि पोटावर डाव्या बाजूला एक जुनी चीर भरून आल्याची रेघ आहे. भोक त्यांनी पाडलेलं नव्हतं. त्यांनी ते कासव ज्याच्याकडून सोडवून आणलं होतं त्याने पाडलेलं, दोरीसकट. फोटोत ती दोरी होती.

संपादक महाशय, ज्या माणसाला आमच्या ग्रुपने न बघता नालायक ठरवलं तो हा माणूस. आणि दोन दिवसांच्या नियमाने गेले असते तर त्यांना मी काय सांगितलं असतं, उशीर झाला आजोबा, आता ते आमचं? कुत्रा हरवला तर तासाभरात घरच्यांना कळतं. कासव हरवल्याचं कळायलाच कधी कधी आठवडे लागतात, आणि कासव तेवढे दिवस बाहेर जगूही शकतं, म्हणून शोधणारा फार उशिरा येतो. निदान काही आठवडे तरी सांभाळ करायचा आणि जाहिरात चालू ठेवायची असं लिहायला हवं होतं. कायद्याने किती दिवस ते जागोजागी वेगळं असेल, पण दोन दिवस हा आकडा तुम्ही कुठून आणलात?

जातही ओळखून घ्यायला हवी हे तर चौकटीत कुठेच नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव सापडलं तर ते ठेवायचा प्रश्नच येत नाही, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सची, म्हणजे रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या देशोदेशींच्या कराराची, सगळ्यात कडक बंदी आहे. तिथे वनखात्यालाच कळवायचं. आणि रानातलं कासव रस्ता ओलांडत असेल तर त्याला घरी आणायचं नाही, दोन्ही बाजूंनी आडवं धरून, जिकडे तोंड आहे तिकडच्या कडेला ठेवायचं, बस.

आणखी एक, तो फोटो. लहान मुलगी कासवाच्या तोंडाला तोंड लावतेय, रंगीत, अर्धं पान. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो, कासव स्वतः ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत चार इंचांहून छोटी कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती लहान मुलं ती तोंडात घालून आजारी पडत होती म्हणूनच. हात साबणाने धुवा एवढी ओळ तरी त्या फोटोखाली द्यायची. गोड फोटो आहे, मान्य, पण हजारो घरांत तो गेलाय.

दुरुस्ती छापा ही विनंती. आतल्या पानावर कोपऱ्यात नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात. मागच्या वेळी माझं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलं होतंत आणि मुद्दाच गेला होता. या वेळी जागा कमी असेल तर आमच्या ग्रुपवरची भांडणं कापा, माझं नावही नको, पण तळ्याचा परिच्छेद आणि आजोबांचा परिच्छेद पूर्ण छापा.

आपली,
पुरवणीची नियमित वाचक