हर्णै बंदरावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमचा वायरलेस सेट दुरुस्त केल्याची तुम्ही मजुरी घेतली नाहीत, निदान हे पत्र तरी घ्या. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

परतीच्या पावसात त्या संध्याकाळी आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅम) क्लबच्या खोलीला कुलूप लावलं ते मी. जाताना अँटेनाची केबल सेटमधून काढायची, असं भिंतीवर लिहिलंय, तेही माझ्याच अक्षरात. विसरलो. वीज मागच्या माडावर पडली, पण तेवढ्यानं पॉवर सप्लाय जळला आणि लांब पल्ल्याचा एचएफ सेट ठार बहिरा झाला. सेट सगळ्यांच्या वर्गणीतला. कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

एका दुकानदारानं झाकण न उघडताच 'अख्खा बोर्ड बदला' म्हणून सांगितलं होतं. तुम्ही होड्यांचे वायरलेस बाजूला सारून आमचा सेट उघडलात. सप्लायमधले मॉसफेट आणि ब्रिज हे जळलेले भाग बदलून सेटला लागणारे १३.८ व्होल्ट आणलेत. सेटमध्ये अँटेनाच्या तोंडाशीच एक डायोड शॉर्ट सापडला. "हा मेला म्हणून मागचे वाचले," म्हणालात.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही शिडी मागितलीत. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली येईना म्हणून आम्ही कित्येक महिने ४० मीटर बँडच्या डायपोल अँटेनाची तार वीतभर कमी कर, वीतभर वाढव, हेच करत होतो. तुम्ही कनेक्टर सोललात, तर केबलच्या आतली तांब्याची जाळी काळीठिक्कर. तार बरोबर होती. केबल खारं पाणी प्यायली होती. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते जाळीतून आत चढतं, हे तेव्हा कळलं. वीतभर कापलंत, काळं. आणखी वीतभर, तरी काळं. लखलखीत तांबं दिसायला दीड हात केबल गेली. नवा कनेक्टर, सोल्डरचा डाग, वरून रबरी टेप. आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ, पागोळी तिथूनच गळून जावी म्हणून. आता काटा १.३ वर आहे.

टेस्टिंग तुम्ही ५० ओहमच्या डमी लोडवरच (अँटेनाऐवजी लावायचा रोधक) केलंत. अँटेना लावल्यावर मी माइक पुढे केला, तर हात मागे घेतलात. "लायसन तुमचं, बटण तुम्ही दाबा." ७ मेगाहर्ट्‌झवर हाक दिली आणि कोल्हापूरहून 'फाइव्ह नाइन', म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, असं उत्तर आलं, तेव्हा तुम्ही सुवर्णदुर्गाकडे बघत विडी पेटवत होतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळानं आपल्या दापोली-मंडणगडात वीज आणि फोन दोन्ही आडवे केले होते. तो सेट मुका राहू नये असं आम्हाला का वाटतं, ते तुम्हाला सांगावं लागलं नाही.

तुमचा छोटा पाना आमच्या खिडकीत राहिलाय. रविवारी न्यायला या. आणि येताय तर केबल काढलेली आहे की नाही, तेही बघून जा.

तुमचा,
कुलूपवाला