बरोबरीत सुटलेला डाव

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर मी बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हटलं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि मागे कुकरच्या शिट्ट्या, त्यामुळे नीट सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय, कारण इथे जर्मनीत क्लबच्या टीमकडून खेळलेल्या सगळ्या डावांत मला हाच सगळ्यात जास्त आवडलाय.

समोर एक रिटायर्ड आजोबा, पांढरी मोहरी त्यांची, ओपनिंग रुय लोपेझ. म्हणजे बाबा, राजापुढचं प्यादं एकदम दोन घरं (आपल्या देशी नियमात एकच घर, माहितीये), मग घोडा, मग उंट थेट माझ्या घोड्यावर. लोपेझ स्पेनचा पाद्री होता, त्याचं पुस्तक १५६१ चं, आणि लोक अजून हेच खेळतात! आजोबांनी दाबत दाबत माझं एक प्यादं खाल्लंच, मग मारामारी होत होत पटावर उरलं काय, तर दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि त्यांचं एक प्यादं.

आता खरी मजा. माझा राजा त्या प्याद्याच्या समोरच, शेवटच्या ओळीत. हत्ती मी माझ्याकडून तिसऱ्या ओळीत ठेवला आणि हललेच नाही, नुसता डावीउजवीकडे, म्हणजे त्यांच्या राजाला पुढे यायला जागाच नाही. शेवटी त्यांनी प्यादं त्या ओळीत ढकललं, तसा माझा हत्ती सरळ खाली त्यांच्याकडच्या पहिल्या ओळीत, आणि मागून शह, शह, शह. प्यादं पुढे गेलेलं असतं ना, त्यामुळे त्यांच्या राजाला लपायला आडोसाच राहत नाही. ही युक्ती फिलिडोर नावाच्या फ्रेंच संगीतकाराची, १७७७ पासूनची. आजोबांनी बराच वेळ बघितलं आणि हात पुढे केला.

आई, बरोबरी म्हणजे काहीच नाही असं नसतं गं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला, त्यात फायनलमधे कोनेरू हंपीशी क्लासिकलचे (म्हणजे लांब वेळेचे) दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते, मग रॅपिडमधे, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, ती जिंकली. ते दोन डाव टिकली नसती तर रॅपिड आलंच नसतं.

बाबा, शनिवारी व्हिडिओ कॉलच्या आधी असाच पट मांडून ठेवा. पांढरी तुम्ही घ्या आणि मला हरवून दाखवा.

तुमची,
चिऊ