दुकानापुढचा पत्रा

लेस्टर, इंग्लंड
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याच्या सकाळी तुम्ही फोनवर ती बातमी सांगितलीत खरी, पण दुकानात वहीपूजनाची गडबड होती आणि दर वाक्यामागे कुणाला तरी पावशेर शेंगदाणे नाहीतर साखर तोलून देताना तुमचे बोलणे तुटत होते, त्यामुळे मला जे सांगायचे होते ते राहूनच गेले. आज इथे घड्याळे एक तास मागे घेतली, तेव्हा अनायासे मिळालेल्या त्या तासात हे पत्र लिहायला बसलो आहे. दुसरे कारण असे की तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि माझे सगळेच म्हणणे गिऱ्हाइकांनी ऐकावे असे नाही.

प्रभागातली माणसे तुमच्याकडे आली आणि नाशिक महापालिकेला उभे राहा म्हणाली. ‘मी साधा किराणावाला, मला त्यातले काय कळते’ असे तुम्ही त्यांना सांगितलेत, आणि वहिनींनी स्वयंपाकघरातूनच नकार कळवला. वहिनींच्या नकाराबद्दल पुढे लिहितो, कारण तो विचारपूर्वक दिलेला आहे. तुमचे उत्तर मात्र मला पटलेले नाही.

या महिन्यात, १३ तारखेला, इथल्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने मी इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर असलेल्या त्यांच्या गावी, ग्रँथमला, जाऊन आलो. बाईंचे राजकारण तुम्हाला आवडले नसते आणि गावातही सगळ्यांना आवडते असे नाही; २०२२ च्या मे महिन्यात तिथे त्यांचा पुतळा बसवला तेव्हा काही तासांतच त्याच्यावर अंडी फेकली गेली होती. मी गेलो होतो तो त्यांच्या वडिलांसाठी. आल्फ्रेड रॉबर्ट्स हा मोच्याचा मुलगा. शिक्षक व्हायची इच्छा होती, पण घरच्या ओढगस्तीमुळे तेराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात राबायला लागला आणि पहिले महायुद्ध संपल्यावर त्याने नॉर्थ परेड नावाच्या रस्त्यावर स्वतःचे किराणा दुकान घेतले. चहा, साखर, बिस्किटे पोत्यांनी येत आणि घरातली माणसे ती तोलून पुडे बांधत. राहायला दुकानाच्या वरच खोल्या, नळाला गरम पाणी नाही, संडास घराबाहेर. वाचताना मला मखमलाबाद नाक्याचा आपला दहा बाय बाराचा गाळा आणि त्यावरचा पोटमाळा आठवत राहिला.

हा गृहस्थ १९२७ मध्ये अपक्ष म्हणून गावाच्या नगरपालिकेत निवडून आला, पुढे बरीच वर्षे घरपट्टी आणि जमाखर्च पाहणाऱ्या समितीचा अध्यक्ष होता आणि १९४५-४६ साली महापौर झाला. १९५२ मध्ये सभागृहातले बहुमत दुसऱ्या पक्षाकडे गेले आणि त्यांनी त्याला ज्येष्ठ सदस्यपदावरून दूर केले. इतकी वर्षे त्याने गावाचे पैसे मोजले, तेही दुकान न सोडता. दुकानाच्या जागी आता किराणा नाही. भिंतीवर एक छोटी पाटी आहे, ती मुलीच्या जन्माची. बापाचा त्यात उल्लेख नाही, हे मला जरा लागले.

आता तुमच्या ‘मला काय कळते’ बद्दल. महापालिकेचा पैसा कुठून येतो हे तुम्ही अंदाजपत्रक न वाचता शिकला आहात. जकात नाक्यावर आपल्या मालाचा टेम्पो अडकून पडायचा ते दिवस तुम्ही काढलेत. २०१३ साली जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला तेव्हा इतर व्यापाऱ्यांबरोबर तुम्हीही शटर ओढले होते. आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर शहराच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मोठी मिळकत म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचे शुल्क एवढीच उरली, बाकी राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचे, हे तुम्हीच मला एकदा जिरे निवडता निवडता समजावून सांगितले होते. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत सोळा जण असतात. त्यांतल्या कितींना हे इतके सरळ सांगता येत असेल, याबद्दल मला शंका आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या वहीची. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून नाशिकचा कारभार प्रशासकाच्या हाती आहे. दिवा बंद पडला, चेंबर तुंबला, पाणी दोन दिवस आले नाही, तर सांगायचे कुणाला हा प्रश्न लोकांना पडला आणि ते सकाळी दूध घ्यायला येतात तिथेच बोलू लागले. गेल्या वर्षी सुट्टीवर आलो होतो तेव्हा मी तुमची लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही उलटी धरून पाहिली. पुढून उधारी आणि मागच्या पानांवर तारीखवार तक्रारी: कुठली गल्ली, काय बिघडले, विभागीय कार्यालयात किती खेपा झाल्या, आणि काम झाले की तिरकी रेघ. एका चेंबरपुढे अकरा खेपांच्या अकरा उभ्या काड्या होत्या. तिकीट मागणाऱ्या कितीजणांकडे अशी वही असेल ते तुम्हीच सांगा.

शून्यातून वर आलेल्या माणसाची गोष्ट सांगणे मात्र मला आता थोडे नकोसे वाटते. तुम्हाला घेऊन येतील ती मंडळी नक्की सांगतील की याचे वडील भद्रकालीत हमाली करायचे, हा चौदाव्या वर्षी शाळा सोडून गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात लसणाची टोपली घेऊन बसला, मग हातगाडी, मग गाळा. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि माझी फी त्या टोपलीतून गेली हे मी विसरलेलो नाही. पण गरिबी पाहिलेला माणूस आपोआप चांगला कारभार करतो असे काही नाही. गरिबी पाहिलेला माणूस ती पुन्हा येऊ नये म्हणूनही कंत्राटदाराशी जुळवून घेतो. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, आणि त्यांची स्वतःची कंत्राटदारी होती. तरी व्हाइसरॉयच्या स्वागतावर पैसा उधळायला त्यांनी सभागृहात विरोध केला तो या धंद्याचा विचार न करता. मला तुमच्याकडून अपेक्षा आहे ती या तऱ्हेच्या विरोधाची.

म्हणून उभे राहणार असाल तर तीन कामे अर्ज भरण्याआधी व्हावीत असे वाटते.

पहिले उधारीचे. प्रभागातली निम्मी घरे तुमच्या वहीत आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला, गोदाकाठच्या बाजारात पाणी शिरले, तेव्हा तुम्ही रात्री दुकान उघडून दूध आणि मेणबत्त्या दिल्यात आणि त्या वहीत लिहिल्याही नाहीत, हे लोकांच्या लक्षात आहे. पण ज्या घराकडे दीड हजार बाकी आहे, त्या घरातल्या बाईला तुमच्या तोंडावर नाही म्हणता येणार आहे का? तिने मत दिले तर ते मत समजायचे की व्याज? त्यामुळे निवडणूक होईपर्यंत वसुलीचा शब्द काढू नका, प्रचाराला जाताना वही बरोबर नेऊ नका, आणि भलेपणानेही उधारी माफ करू नका. मतदानाच्या तोंडावर माफ केलेली उधारी म्हणजे वाटलेला पैसाच, मग तो पाकिटातून दिला काय आणि वहीतून खोडला काय.

दुसरे सिंहस्थ कुंभमेळ्याचे. तुम्हाला आग्रह करणाऱ्यांपैकी एकाने साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामला किराणा पुरवण्याचे काम मिळवून देतो असे सुचवल्याचे तुम्ही हसत हसत सांगितलेत. मला हसू आले नाही. २०२७ च्या पर्वण्यांसाठी तपोवनाकडे पैशाचा ओघ सुरू होणार, आणि महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असला तर नगरसेवक अपात्र ठरतो, असा कायदा आहे. कायदा नसता तरी तुम्ही ते केले नसते, हे मला ठाऊक आहे. पण भाच्याच्या नावाने करू या, असे म्हणणारेही कुणीतरी निघेल.

तिसरे पत्र्याचे, आणि हेच सगळ्यांत अवघड आहे. दुकानापुढची चार फुटांची पत्र्याची शेड पदपथावर आलेली आहे. आपण ती २००९ च्या उन्हाळ्यात टाकली, माझ्याच हाताने मी खांबांना लाल रंग दिला होता, आणि आजूबाजूच्या सगळ्यांची शेड तेवढीच पुढे आहे हेही खरे. परंतु अनधिकृत बांधकाम स्वतःचे किंवा घरच्यांचे असेल तर त्यावरूनही पद जाऊ शकते. पद राहू द्या, उद्या प्रभागातल्या एखाद्या भजीवाल्याची गाडी उचलायला अतिक्रमणवाले आले आणि तो न्याय मागायला तुमच्या दारात आला, तर तुम्ही त्याच्याशी कुठल्या पत्र्याखाली उभे राहून बोलणार?

आता वहिनींसाठी. वहिनी, तुम्ही नको म्हणालात ते दुकान कोण पाहणार या काळजीने, असे मी समजतो. ही काळजी रास्त आहे, कारण नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही आणि चालायला लागले तर लोकांनी संशय घ्यावा. त्या रॉबर्ट्सची बायको शिवणकाम करणारी होती आणि नवरा सभांना जात असताना दुकान तिने सांभाळले. पाटीवर तिचाही उल्लेख नाही. शिवाय एक गोष्ट तुमच्या दोघांच्याही बोलण्यात आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारीपर्यंत निवडणुका उरकायला सांगितले असले तरी आरक्षणाची सोडत अजून व्हायची आहे, आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. दादांना सोयीची जागा महिलांसाठी निघाली तर तीच मंडळी पुन्हा येतील आणि वहिनींचे नाव द्या म्हणतील. तेव्हा वहिनींना स्वतःला काम करायचे असेल तर जरूर द्यावे. वहीच्या मागच्या पानांवरचे निम्मे अक्षर त्यांचेच आहे, ते मला ओळखू येते. पण फलकावर हात जोडलेल्या वहिनी आणि बैठकीला दादा, असे आपल्या घरात होऊ नये.

बाकी इथे सर्व ठीक. बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीची रोषणाई झाली. तिथल्या ज्या दुकानातून मी पोहे घेतो त्याचे मालक १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने नव्वद दिवसांत देश सोडायला लावलेल्यांपैकी. इकडे येऊ नका म्हणून याच लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. तुमची बातमी त्यांना सांगितली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गल्ल्यावर कोण बसणार? दुकानदार सगळीकडचे सारखेच.

आईस साष्टांग नमस्कार सांगावा, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा

ता. क. शेड काढायला वेल्डर बोलवाल तेव्हा आधी आईला सांगा. ती दुपारी तिथेच खुर्ची टाकून लसूण सोलत बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते. गाळ्याच्या आत, फ्रीज सरकवून, तिच्या खुर्चीला रस्ता दिसेल एवढी जागा होते का ते मोजून कळवा.