मतदान यंत्राला दोन प्रशिक्षणे, पहिलीच्या वर्गाला एकही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवशिक्षकांवरचा आपला कालचा लेख वाचला. रागाच्या भरात लगेच लिहायचे नाही म्हणून एक रात्र जाऊ दिली, पण फारसा फरक पडलेला नाही. लेख म्हणतो, नव्या शिक्षकांना मार्गदर्शक नेमावा, वर्षाला ५० तास प्रशिक्षण द्यावे. यातले ५० तासांचे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहेच. लेखकमहोदयांनी ते पुन्हा एकदा, जरा लांबवून सांगितले, त्याबद्दल आभार. पण ज्येष्ठ शिक्षक नव्यांना जवळ करत नाहीत, हा शोध त्यांनी कोणत्या शाळेत बसून लावला?

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतून मे २०२५ मध्ये निवृत्त झाले. शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडेच होता. 'प्रभार' हा शब्द ज्याने काढला त्याला नमस्कार, कारण त्यात भार तेवढा असतो. मार्च २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, आमच्याकडे एक सर शिक्षणसेवक (सुरुवातीची तीन वर्षे मानधनावर असलेला शिक्षक) म्हणून रुजू झाले. दुसऱ्या जिल्ह्यातले, वय पंचविशीच्या आत-बाहेर. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिली-दुसरी मी त्यांच्या गळ्यात घातली. हे कबूल करते. तिसरी-चौथी माझ्या हाताखाली तयार झालेली होती, ती मला सोडवेना. सगळ्यात अवघड वर्ग सगळ्यात नव्या माणसाला द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि मीही ती पाळली. लेखकमहोदयांना टीकाच करायची होती तर ही करायची.

बाकी सरांना शिकवायला मला वेळ कुठे होता? आठवड्यातले दोन दिवस पंचायत समितीत टपाल, उरलेले दिवस यूडायस (शाळेची सरकारला द्यायची ऑनलाइन माहिती), आधार जुळणी, पोषण आहाराच्या नोंदी. मी तालुक्याला गेले की चारही वर्ग सरांकडे. डी.एड.ला त्यांनी सराव पाठ घेतले होते, पण ते एका वर्गावर, तक्ता टांगून, मागे अध्यापक बसलेले असताना. चार इयत्तांना एका वेळी कामाला लावण्याचा पाठ तिथे कोणी घेत नाही.

तर आमचे मार्गदर्शन चालायचे त्यांच्या मोटारसायकलवर. शाळा ते तालुका १४ किलोमीटर. संध्याकाळी शाळा सुटली की मी मागे बसायची आणि वाऱ्यात ओरडून विचारायची, "आज काय झालं?" ते तोंड अर्धे वळवून सांगायचे, मी म्हणायची, "पुढे बघा, सर!" एकदा सर फार वैतागले होते. दुसरीची मुले 'पंचवीस' सांगितले की ५२ लिहितात, दहादा करून घेतले तरी तेच. मुलांची काही चूक नाही. कानावर आधी 'पाच' पडतो, मग 'वीस', आणि जसे ऐकले तसे ती लिहितात. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचायची सोय दिली तेव्हा वर्तमानपत्रांत जे विनोद रंगले, ते करणाऱ्यांनी एक दिवस दुसरीवर काढायला हवा होता.) मी म्हटले, उद्या फळ्याला हात लावू नका. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्या. पंचवीस म्हटले की आधी दोन गठ्ठे डावीकडे ठेवायचे, मग पाच सुट्या काड्या उजवीकडे. लिहायचे त्यानंतर. सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं. पण तेव्हा समोर मुलं नव्हती."

मला वाटते, नवशिक्षकांचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. आपल्या लेखात तो पाऊण पानात सापडला नाही.

आता अधिकृत मार्गदर्शनाचे सांगते. त्या वर्षी वरून एक भेट झाली. साहेबांनी पटसंख्या विचारली, स्वच्छतागृहाचा फोटो काढला, थकलेली ऑनलाइन माहिती भरायला सांगितली आणि शेरेबुकात लिहिले, 'अध्ययन निष्पत्तीनुसार अध्यापन करावे.' सर ते वाक्य दोनदा वाचून माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनाही दोष देत नाही. दोन केंद्रांचा, म्हणजे शाळांच्या दोन गटांचा, कारभार एकट्या माणसाकडे असला की वर्गात बसून पाठ कोण बघणार?

आणि मग नोव्हेंबर आला. विधानसभेच्या मतदानासाठी, २० नोव्हेंबर २०२४ साठी, सरांना मतदान अधिकारी क्रमांक २ नेमले. म्हणजे बोटाला शाई लावायची आणि नोंदवहीत सही घ्यायची. एका दिवसाचे काम. त्यासाठी प्रशिक्षण दोनदा, तेही यंत्र समोर ठेवून. छापील मार्गदर्शिका. सोबत अनुभवी केंद्राध्यक्ष. मतदान सुरू होण्याआधी पन्नास मते टाकून अभिरूप मतदान. काही अडले तर क्षेत्रीय अधिकाऱ्याचा नंबर खिशात, आणि तो माणूस गाडी घेऊन येतोसुद्धा! निवडणुकीचे काम शिक्षण हक्क कायद्यात बसते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट कौतुकच आहे. नवख्या माणसाला कसे तयार करायचे हे सरकारला अगदी नीट ठाऊक आहे, एवढेच यातून सिद्ध होते. सर परत आल्यावर म्हणाले, "शाई लावताना एकदाही एकटं वाटलं नाही." पहिलीच्या शिक्षकासाठी हस्तपुस्तिका आहे, पण जूनमध्ये एखादे मूल दाराला धरून दोन तास रडते तेव्हा कोणाला फोन करायचा, तो नंबर तिच्यात नाही.

पैशाचेही बोलून टाकते. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिना १६ हजार मानधन मिळते, त्याआधी सहा हजारच होते, आणि ते तीन वर्षे. त्याच २०२३ च्या जुलैत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर घ्यायचे ठरले. म्हणजे पेन्शनवाल्याला वीस आणि नव्याला सोळा. निवृत्तांना घ्यायचेच असेल तर वर्ग देऊ नका, नव्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसू द्या. सहा महिने बसू द्या. मी निम्म्या पैशात जाईन. शेरेबुक मात्र हातात देऊ नका, सवय वाईट असते.

जाता जाता दोन गोष्टी. लेखासोबतच्या छायाचित्रात एक बाई, वीस मुले, भिंतीवर पडदा आणि प्रोजेक्टर आहे. हा फोटो कुठला? आमच्याकडे प्रोजेक्टर आला होता, तो कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावायचा तोंडी आदेश होता. दुसरे, मागे पोषण आहाराच्या नोंदींवरचे माझे पत्र आपण छापलेत, पण त्यातला एक 'नाही' गाळलात. त्यामुळे त्या नोंदींबद्दल मी समाधानी आहे असे सगळ्या तालुक्याने वाचले आणि माझा सत्कार व्हायचा राहिला एवढेच. या वेळी जागा कमी पडली तर मानधनाचा परिच्छेद काढा. मोटारसायकलचा ठेवा.

कळावे,
एक निवृत्त प्रभारी मुख्याध्यापिका