शहाजोग कोण?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मुलीला एमबीएला बिझनेस एथिक्स म्हणून एक पेपर आहे. बाबा तुमच्या धंद्यात एथिक्स काय असतंय असं तिनं विचारलं आणि मला माझे वडीलच आठवले. ते रविवार पेठेत एका अडतीवर दिवाणजी होते, रोजमेळ (रोजचा जमाखर्च) आणि खतावणी (खात्यांची वही) जुळल्याशिवाय रात्री जेवायला यायचे नाहीत. हुंडी म्हणजे अमक्याला इतके पैसे द्या अशी व्यापाऱ्याची चिठ्ठी, तिचं सगळं त्यांच्याकडूनच ऐकलंय. दर्शनी असली की दाखवली की लगेच पैसे, मुदती असली की ठरल्या दिवशी, हरवली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, ती पण हरवली तर परपेठ म्हणजे तिसरी. आणि शहाजोग हुंडी म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच पैसे द्यायचे. आता शहाजोग म्हटलं की आपण साळसूदपणाचा आव आणणारा समजतो, शब्दाचं पण काय झालं बघा!

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही हं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, शेतकरी बाजूला नुसता बघत उभा. वर कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय असं काय काय त्याच्या पट्टीतून म्हणजे हिशेबाच्या बिलातून कापायचे. पण हुंडी पैसे न मिळता परत गेली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळायचं आणि सावकार कितीही मोठा असू दे, दुसऱ्या दिवशी त्याला कोण उधार द्यायचं नाही.

माझं उद्यमबागेत दोन लेथचं जॉबवर्क आहे. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी आम्हा लहान लोकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसला तर १५, उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ च्या हिशेबापासून तर मुदत चुकवली की पैसे देईपर्यंत तो खर्च इन्कमटॅक्सला धरत नाहीत. कायदा चांगलाच आहे, पण व्याज मागायचं कुणी? मागितलं की पुढची ऑर्डर गेली. माझं बिल १२० दिवस अडकलंय, फोन केला की अकाउंटवाले म्हणतात सिस्टिममध्ये आहे. आणि एका गिऱ्हाईकानं मार्चमध्ये सरळ सांगितलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) रद्द करून घ्या म्हणजे आम्हाला टॅक्सचा त्रास नको. त्यांच्या ऑफिसात एथिक्स पॉलिसी फ्रेम करून लावलीय, मी तिच्याखालीच बसलो होतो.

मी रद्द केलं नाही. ऑर्डर अजून आलेली नाही.

आपला,
एक जॉबवर्कवाला, अनगोळ, बेळगाव