आपल्या लयीतला मारिओ

गिरगाव, मुंबई

प्रिय मंगेश,

जुने व्हिडिओ गेम चालवणारं हे छोटं यंत्र हाताळून परवा फोनवर तू म्हणालास, "सगळं नीट चालतंय रे, पण आपला मारिओ वाटत नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच होतं. काल रात्री कारण सापडलं. फोनवर सांगून सेटिंग लक्षात राहत नाही, म्हणून लिहितोय.

त्याआधी एक काम कर. यंत्रासोबत आलेलं मेमरी कार्ड आजच बदल. माझं बिननावाचं कार्ड दुसऱ्याच आठवड्यात सगळे सेव्ह घेऊन गेलं. लॅमिंग्टन रोडवरून चांगलं कार्ड आणलं आणि सगळं पहिल्यापासून भरत बसलो. आता सेव्ह लॅपटॉपवरही ठेवतो.

त्यातल्या रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, इंटिजर स्केल चालू कर. मूळ चित्र २५६ × २४० ठिपक्यांचं आणि आपली स्क्रीन ६४० × ४८०. प्रत्येक ठिपका बरोबर दुप्पट झाला की चित्र ५१२ × ४८० होतं. बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, राहू देत. नाहीतर मारिओ धावताना मागच्या विटा रुंद-अरुंद होत थरथरतात. आवाज चरचरत असेल तर ऑडिओ लेटन्सी, म्हणजे आवाजाला दिलेला उशीर, ६४ वरून ९६ मिलिसेकंद कर, एवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम, सुरुवातीला अमेरिका-जपानचा वेग धरतो, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. आपले तेव्हाचे टीव्ही पाल या प्रक्षेपण पद्धतीचे, सेकंदाला ५० चे. चाळीत तुमच्या घरी अँटेनाच्या वायरीतून जो व्हिडिओ गेम जोडायचो, तो निन्टेंडोच्या मूळ यंत्राची, त्या टीव्हीसाठी बनवलेली नक्कल होती. म्हणजे आपण सगळं लहानपण तोच खेळ सहाव्या हिश्शाने हळू खेळलो! तुझ्या बोटांना उडी कधी मारायची ते त्या वेगाने पाठ आहे, म्हणून आता तू दर खड्ड्यात पडतोस. तुझी काही चूक नाही.

रेट्रोआर्कमध्ये एफसीईयूएमएम हा कोअर, म्हणजे हे गेम चालवणारा भाग, घे. गेम चालू असताना क्विक मेनू, मग कोअर ऑप्शन्स, तिथे रीजन 'डेन्डी' कर. १९९२ साली रशियात निघालेल्या अशाच नकलेचं ते नाव. नुसतं 'पाल' निवडू नकोस, त्यात सूरही खाली उतरतो. डेन्डीत सूर जवळजवळ तोच राहतो, फक्त लय मंदावते. मी काल पहिल्या लेव्हलचं संगीत ऐकलं आणि उडी मारायचीच विसरलो. कॅसेटला फुंकर मारणारा तू समोर दिसलास रे.

एक तोटा आहे. स्क्रीन ६० ची असल्यामुळे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, पडदा सरकताना बारीक हिसका जाणवतो. मला तो चालतो. काँट्रा या गेमला मात्र मी ६० वरच ठेवलंय, तो मी पुढे कॉलेजात कॉम्प्युटरवर शिकलो. ज्याचा वेग जसा आठवतो तसा गेमनुसार वेगळा सेव्ह कर.

काकूंना नमस्कार सांग. दिवाळीला आलास की टीव्हीला जोडू. कंट्रोलर दोन आणून ठेवलेत, पहिला प्लेअर तूच.

तुझा,
नंदू