शरद जोशी पक्षाध्यक्ष म्हणून का चालले नाहीत

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शरद जोशींवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण शेवटी जे म्हटलंय की शेतकऱ्याने आंदोलनात त्यांना डोक्यावर घेतलं आणि मतपेटीत पाडलं, म्हणजे शेतकरीच कृतघ्न निघाला, ते अजिबात पटलं नाही. आम्ही वर्धा जिल्ह्यातले कापूसवाले, घरात जोशी साहेबांच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून जपून ठेवलाय, 1995 च्या विधानसभेला साहेब आमच्या हिंगणघाटातून उभे होते आणि पडले (तिकडे नांदेडच्या बिलोलीतूनही पडले) तेव्हा जे झालं ते आम्ही जवळून बघितलंय, म्हणून हे पत्र.

साहेबांबद्दलचा आदर तेव्हाही होता आणि आजही तसूभर कमी नाही. स्वित्झर्लंडची गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन राहिला, स्वतः शेती करून हिशोब मांडला आणि तोट्याचा आकडा समोर ठेवून सांगितलं की शेतकरी आळशी नाही, त्याला भाव मिळू दिला जात नाही. 1980 ला कांद्यासाठी रस्ता अडवला, पुढे ऊस, तंबाखू, कापूस. 1986 च्या संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनात लाखावर बाया जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत लोकांनी खरोखर बायकोच्या नावावर जमिनी केल्या. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या वडिलांच्या पिढीने नुसती दिली नाही, त्यासाठी जेलात जाऊन आली ही माणसं. एवढं काम कुठल्या आमदार खासदाराने केलंय?

मग हाच माणूस 1994 ला स्वतंत्र भारत पक्ष काढतो आणि पक्ष उभाच राहत नाही, हे कसं? माझं म्हणणं असं की ज्या गोष्टींमुळे ते आंदोलनात मोठे झाले त्याच पक्षात आड आल्या. दहा पंधरा वर्षं आम्हाला काय शिकवलं, तर पुढारी म्हणजे चोर, त्यांना गावबंदी करा, सत्तेच्या मागे लागू नका, आणि मी स्वतः मतं मागायला आलो तर मलाही दारात उभं करू नका. आम्ही ते मनापासून ऐकलं हो. कार्यकर्ता तयार झाला तो रेल्वे रोकोसाठी, पोलिसांच्या लाठ्या खायला. मतदार यादी हातात घेऊन घरोघर फिरणं त्याला कमीपणाचं वाटायचं, आणि एक दिवस अचानक त्यालाच सांगितलं की आता मतं माग.

मतदानाच्या दिवशीचं सांगतो. आमच्या शाळेबाहेर बाकीच्या पक्षांची टेबलं सकाळी सातच्या आधी लागली होती, प्रत्येकाकडे याद्या, चिठ्ठ्या लिहिणारी पोरं, म्हाताऱ्या माणसांना आणायला जीप, कोणाच्या घरचं अजून कोण यायचंय ते तोंडपाठ. आमच्या टेबलवर बिल्ला लावलेली दोन पोरं, यादीची झेरॉक्स अर्धी, दुपारनंतर त्यातला एक जेवायला गेला तो आलाच नाही. सभेला मात्र गावोगावहून बंड्या जुंपून माणसं आली होती, मैदान पुरलं नव्हतं. सभेची गर्दी म्हणजे मतं नव्हे हे दुसऱ्या पक्षाच्या साध्या तालुकाध्यक्षाला कळत होतं, आमच्याकडे ते बघणारा माणूसच नव्हता कारण ते काम कोणाला दिलेलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे विचार. साहेब सांगायचे सरकारने शेतीतून हात काढावा, बाजार मोकळा करा. शेतीमालाचा जागतिक व्यापार मोकळा करायच्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या घालत होते तेव्हा हे एकटे बाजूने बोलले. मला स्वतःला ते बरोबर वाटतं, आजही वाटतं. पण गावातला माणूस मत देताना विचारतो की विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर कोण बदलून देईल, पाणंद रस्त्याला मुरूम कोण टाकेल, पोराच्या दाखल्याला तहसीलमध्ये कोण फोन करेल. त्याला तुम्ही सरकार कमी असायला पाहिजे एवढंच सांगितलंत तर तो मान हलवतो आणि मत दुसरीकडे देतो, यात कृतघ्नपणा कुठे आला? दोन्ही सांगता आलं असतं. पण दाखल्यांचं राजकारण साहेबांना मुळातच नको होतं आणि ते करणारा माणूस शेजारी बसवणंही नको होतं.

आणि निर्णय सगळे एकट्याचे. 1990 ला जनता दलाबरोबर, 2004 ला सेना भाजपबरोबर, प्रत्येक वेळी त्यांच्या डोक्यात त्यामागचं गणित पक्कं असायचं, पण खालच्या कार्यकर्त्याला ते पेपरात वाचून कळायचं. काल ज्याच्याशी भांडलो त्याचा झेंडा आज घ्यायचा तर आधी गावातल्या माणसांना बसवून बोलावं लागतं ना. त्याच 2004 च्या सुमाराला संघटनेतलेच राजू शेट्टी वेगळे झाले, स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली, लोकांकडून मत आणि नोट दोन्ही मागितलं आणि आधी आमदार मग 2009 ला खासदार झाले. इकडे पक्षाचे 2004 ला विधानसभेत एकटे वामनराव चटप, राजुऱ्यातून, आणि ते निवडून आले त्यामागे त्यांची स्वतःची तिथली वर्षानुवर्षांची मेहनत होती. पाशा पटेल भाजपमध्ये गेले, रघुनाथदादा पाटलांची वेगळी चूल. एवढे बोलणारे, लढणारे शिष्य एका माणसाने घडवले आणि त्यातल्या एकालाही, तू पक्ष चालव मी मागे बसतो, असं म्हटलं गेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

राज्यसभेत 2010 ला महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 ने पास झालं, तो एक म्हणजे आमचे साहेब. चांदवड करणारा माणूस विरोधात मत देतो म्हणून टीव्हीवर चेष्टा झाली, पण त्यांचा विरोध राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याला होता आणि संघटनेच्या बायकांना जिल्हा परिषदेसाठी उभं करायची भाषा त्यांनी कितीतरी आधी केली होती. एकट्याने उभं राहायची ही हिंमत खासदार म्हणून मला सलाम करण्यासारखी वाटते, पण पक्षाध्यक्षाला रोज दोनशे माणसांना सोबत घेऊन चालायचं असतं, आणि ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

सध्या परत शेतकऱ्यांचा पक्ष काढायच्या गप्पा आमच्याकडे चालू आहेत, कापसाला भाव नाही, सोयाबीनचे हाल तर विचारू नका, पोरं चिडलेली आहेत. म्हणून एक विनंती, साहेबांवर पुढचा लेख छापाल तेव्हा 1995 ला ज्यांनी तालुक्या तालुक्यात पक्षाचं काम बघितलं त्या माणसांना जाऊन भेटा, त्यातले बरेच अजून आहेत. त्यांना पैसे किती मिळाले, याद्या कधी मिळाल्या, उमेदवार कोणी ठरवला एवढं जरी विचारून छापलंत तरी या पोरांच्या उपयोगी पडेल.

एक कापूस उत्पादक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा